गावातून रिमोट काम करता अन् नवीन काही सुचत नाही? मग कामाचा क्रम असा लावून पाहा

सकाळी दहाला मीट जॉइन करायचं, सगळ्यांचे कॅमेरे चालू, मॅनेजर मॅडम म्हणतात "चला, बोला, कोणाला काही नवीन सुचतंय का", मग सगळे म्यूटवर गप्प, शेवटी ज्याचा आवाज मोठा तो काहीतरी बोलतो अन् बाकीचे "हो सर, चांगलं आहे" म्हणून मोकळे. पुण्या-बंगळुरूच्या कंपन्यांचं काम आर्वी, पुसद, वरूडकडच्या गावांत बसून करणारे लय झाले आता, डिझाइनवाले, कंटेंटवाले, ॲप बनवणारे, अन् तक्रार एकच, काम उरकते पण डोकं चालत नाही. मग दोष कधी नेटला, कधी गावाला. मला विचाराल तर नव्वद टक्के वेळा गडबड क्रमाची असते, व्हिडिओ कॉल जिथे शेवटी पाहिजे तिथे आपण तो पहिला ठेवतो.

याला आधार आहे. मेलनी ब्रक्स अन् जोनाथन लेवाव या दोघांचा अभ्यास २०२२ मध्ये नेचर या विज्ञानाच्या नियतकालिकात आला. त्यात ६०२ जणांच्या जोड्या लावल्या, अर्ध्या जोड्या समोरासमोर, अर्ध्या व्हिडिओवर, अन् काम साधं, एका वस्तूचे जमतील तितके नवे उपयोग सांगा अन् मग त्यातला एक निवडा. व्हिडिओवाल्यांना कमी सुचलं. पाच देशांतल्या जवळपास दीड हजार इंजिनिअरांवर करून पाहिलं तिथेही तेच. पण निवडायच्या कामात व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. कारण नजरेचं, व्हिडिओवर माणूस समोरच्या तोंडाकडेच पाहत राहतो, खोलीत इकडेतिकडे पाहत नाही, अन् नजर एका चौकोनात अडकली की विचारही तिथेच घुटमळतो.

म्हणजे सुचायचं काम स्क्रीनपासून लांब करायचं अन् निवडायचं काम स्क्रीनवर. खालचे सगळे टप्पे यावरच उभे आहेत, म्हणून क्रम मोडू नका.

## टप्पा १: लाईन (वीज) अन् नेट आधी, आयडिया नंतर

हे कंटाळवाणं आहे म्हणून सगळे टाळतात, अन् मग ऐन बोलताना लाईन जाते.

आपल्याकडे गावठाणाचा फीडर (म्हणजे वीज आणणारी मुख्य लाईन) वेगळा अन् शेतीचा वेगळा असतो, तुमचं घर वावरात असेल तर तुम्ही कोणत्या फीडरवर आहात ते आधी लाईनमनला विचारून घ्या. शेतीच्या फीडरवर असाल तर आठवड्याचं वेळापत्रक मागा अन् मीटिंगा त्याप्रमाणे लावा, भांडून उपयोग नाही.

राउटरला छोटा १२ व्होल्टचा यूपीएस लावा. राउटर लय कमी करंट घेते, त्यामुळे घरचा मोठा इन्व्हर्टर बसला तरी हा छोटा बराच वेळ ओढतो. राउटर १२ व्होल्टचाच आहे ना ते मात्र त्याच्या ॲडॉप्टरवर वाचून घ्या. दुसरं सिम वेगळ्या कंपनीचं ठेवा, पण दोन्ही कंपन्या गावात एकाच टॉवरवर असतील तर त्या टॉवरची लाईन गेल्यावर दोन्ही सोबतच जातात, हे घेण्याआधी विचारा.

स्पीड पाहताना सगळे डाउनलोड पाहतात. तुमचा आवाज अन् चेहरा बाहेर जातो तो अपलोडवर, म्हणून तो पाहा. नुसत्या आवाजाच्या कॉलला १०० केबीपीएससुद्धा लागत नाही, व्हिडिओला त्याच्या कितीतरी पट लागते. हे पुढे कामात येईल.

तपासून घ्या: कॉल चालू असताना घरचा मेन स्विच स्वतः पाडा. कॉल टिकला तरच पुढे जा.

सावधान: जून-जुलैत ढग गडगडायला लागले की राउटरचा, लॅपटॉपचा प्लग काढूनच ठेवा. फायबरच्या काचेतून करंट येत नाही हे खरं, पण ॲडॉप्टर तर बोर्डातच आहे ना.

## टप्पा २: दोन जागा करा

एक जागा स्क्रीनची. भिंतीकडे तोंड, मागे उजेड नको, दार लागलं पाहिजे. कूलर चालू असेल तर साधे इअरफोन चालणार नाहीत, तोंडाजवळ माइक येणारा हेडफोन घ्या, नाहीतर समोरच्याला घरघर ऐकू येते अन् तुम्हाला सारखं म्यूट करायला सांगतात, मग माणूस बोलायचंच सोडून देतो. पुष्कळ लोकांचं "मी मीटिंगमध्ये शांत असतो" याचं खरं कारण कूलर असते.

दुसरी जागा डोक्याची. ओसरी, बंगई (झोपाळा), अंगणातली बाज, वावराचा धुरा म्हणजे बांध, काहीही चालते, अट एकच की तिथे लॅपटॉप जाणार नाही. वही-पेन जाईल, फोन फक्त रेकॉर्डिंगला. घरच्यांनाही सांगून ठेवा, नाहीतर बंगईवर बसलेला माणूस रिकामा समजून त्याला दळण आणायला पाठवतात.

## टप्पा ३: कामाचे दोन ढीग

सोमवारी वही घ्या अन् आठवड्याची कामं दोन रकान्यांत लिहा. एकात "सुचायचं" म्हणजे जिथे उत्तर एकच नाही, नाव शोधणं, नवीन स्क्रीन, जाहिरातीची ओळ, ग्राहकाची अडचण वेगळ्या तऱ्हेने सोडवणं. दुसऱ्यात "उरकायचं", म्हणजे दुरुस्त्या, रिपोर्ट, फायली, मेल.

बहुतेकांना कळतं की सुचायची कामं आठवड्यात दोन-तीनच आहेत. तेवढ्यांसाठीच पुढची सगळी उठाठेव करायची. प्रत्येक मेलसाठी धुऱ्यावर जाऊन बसलात तर नोकरी जाईल.

अन् वेळ. मे महिन्यात दुपारी बारा ते पाच पत्र्याच्या खाली कोणालाच काही सुचत नाही, पारा पंचेचाळीसवर गेल्यावर माणूस कूलरसमोर टिकला हेच खूप, त्यामुळे उन्हाळ्यात सुचायचं सकाळी सहा ते नऊ अन् उरकायचं दुपारी. मॅनेजरला हे एकदा स्पष्ट लिहून पाठवा, की सकाळी मी ऑनलाइन दिसणार नाही पण दहापर्यंत वहीचं पान पोचेल. पुण्यातल्या माणसाला नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते नऊ कडक उन्हाचे दिवस, काय असतो ते सांगितल्याशिवाय कळत नाही.

## टप्पा ४: प्रश्न नीट लिहा, आदल्या दिवशी पाठवा

इथे थोडं थांबू, काहून की सगळ्यात जास्त माती इथेच होते.

समजा तुमची टीम जिनिंगवर (कापसातली सरकी काढायच्या कारखान्यावर) कापूस आणणाऱ्या शेतकऱ्यांसाठी ॲप बनवते. ग्रुपवर प्रश्न येतो, "ॲप अजून युजर फ्रेंडली कसं करता येईल?" या प्रश्नावर कोणालाही एकच गोष्ट सुचणार, रंग बदला, बटण मोठं करा. प्रश्नात माणूस नाही, वेळ नाही, जागा नाही, तर डोकं धरणार कशाला?

आता असा लिहा: "संध्याकाळी चारला कापसाची गाडी जिनिंगच्या गेटवर लागली, नंबर उद्या येणार. मधल्या वेळात शेतकऱ्याला फोनवर काय कळलं तर तो गाडीखाली झोपणार नाही, घरी जाऊन येईल?"

फरक दिसतो ना. अन् गावात राहणाऱ्याचा खरा फायदा इथे आहे. प्रश्न लिहिण्याआधी गेटवर जाऊन अर्धा तास उभे राहा, विचारू नका काही, नुसतं पाहा. टोकनची चिठ्ठी पहाटेच्या दवाने ओली होऊन पेनाचा आकडा पसरलेला असतो, म्हणून मेटॅडोरवाल्याने तोच आकडा काचेवर खडूने मोठा लिहून ठेवलेला असतो. कोणीतरी ताडपत्री पुन्हा पुन्हा ओढून घेत असते, काहून की कापसात ओलावा ८ टक्क्यांच्या वर गेला की सीसीआयच्या (सरकारी कापूस महामंडळाच्या) खरेदीत भाव कमी होतो अन् १२ च्या वर गेला की कापूस घेतच नाहीत, म्हणजे रात्रीचं दव त्याच्या खिशातून पैसे काढते. हे बंगळुरूच्या बोर्डरूममध्ये बसून कोणाला सुचणार? खडूचा तो आकडा पाहिला की लगेच डोक्यात येते की टोकन नंबर फोनच्या लॉक स्क्रीनवरच मोठा दिसला पाहिजे, ॲप उघडायची गरजच नको. प्रश्नासोबत असे दोन-तीन फोटो टाका, पण माणसांचे चेहरे अन् गाडीचे नंबर झाकून.

प्रश्न आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत गेला पाहिजे. रात्रभर डोक्यात घोळू द्या.

नेहमीची चूक: प्रश्नासोबत मॅनेजर "मला वाटतं आपण एसएमएस पाठवावा" असं जोडून देते. झालं, आता सगळ्यांच्या आयडिया एसएमएसच्याच होणार. प्रश्न पाठवणाऱ्याने स्वतःचं उत्तर पोटात ठेवायचं.

तपासून घ्या: प्रश्न घरातल्या कोणाला वाचून दाखवा, काका असो की वहिनी. त्यांना कळला अन् ते लगेच काहीतरी बोलले तर प्रश्न बरोबर आहे. "म्हणजे काय रे भाऊ?" म्हणाले तर परत लिहा.

## टप्पा ५: एकट्याने, चालत, आपल्या भाषेत

सकाळी उठून वीस-पंचवीस मिनिटं चाला, प्रश्न डोक्यात घेऊन. स्टॅनफर्डच्या ओपेझो अन् श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये दाखवलं की चालताना माणसाला बसल्यापेक्षा सरासरी ६० टक्के जास्त कल्पना सुचतात, अन् घरात ट्रेडमिलवर भिंतीकडे पाहत चाललं तरी फायदा होतो. म्हणजे ऊन असेल तर ओसरीत फेऱ्या मारा, बाहेरच गेलं पाहिजे असं नाही. पण त्यातच हेही निघालं की जिथे नेमकं एकच उत्तर शोधायचं तिथे चालण्याचा उपयोग होत नाही, उलट थोडं बिघडतेच. म्हणून निवड चालताना करू नका.

सुचेल ते व्हॉइस रेकॉर्ड करा अन् वऱ्हाडीतच बोला. हे महत्त्वाचं आहे राजेहो. चांगली चांगली पोरं इंग्रजीत वाक्य जुळवत बसतात, वाक्य जुळेपर्यंत आयडिया निघून जाते अन् उरते ती शाळेत शिकलेली ओळ. आधी आपल्या बोलीत बोला, मग मराठी व्हॉइस टायपिंगने उतरवा, इंग्रजी सगळ्यात शेवटी.

कमीत कमी तीन कल्पना तरी पाहिजेत. पहिली सगळ्यांचीच असते, दुसरी बरी असते, अन् तिसरीसाठी जरा कण्हावं लागते तेव्हा ती आपली असते.

एआयचं काय? वापरा, पण तीन लिहून झाल्यावर. दोशी अन् हाउझर यांचा २०२४ चा अभ्यास सांगतो की एआयची मदत घेऊन लिहिलेल्या गोष्टी एकेकट्या जास्त चांगल्या वाटल्या पण एकमेकींसारख्या झाल्या. टीममधल्या पाचही जणांनी चॅटजीपीटीला तोच प्रश्न विचारला तर पाच जणांचा पगार देऊन कंपनीला एकच डोकं मिळालं. म्हणून एआयला "आयडिया दे" म्हणू नका, "या माझ्या तीन आयडियांमध्ये खोट काढ" म्हणा.

## टप्पा ६: एकाकडे गोळा, नावं काढून

टीममधला एक जण गोळा करणारा ठरवा, दर वेळी वेगळा. सगळ्यांनी आपल्या कल्पना त्याला एकट्याला पाठवायच्या, ग्रुपवर नाही. ग्रुपवर पहिल्याने टाकलं की बाकीचे त्याच रांगेत उभे राहतात, अन् पहिला टाकणारा बहुतेक सिनिअर असतो.

तो सगळं एका शीटमध्ये नावाशिवाय टाकतो. मग दुसरी फेरी: प्रत्येकाने दुसऱ्याच्या कल्पनेखाली तिला पुढे नेणारी एक ओळ जोडायची. ही युक्ती जुनी आहे, बर्न्ड रोरबाख नावाच्या जर्मन माणसाने १९६८ मध्ये मांडलेली, सहा माणसं, तीन कल्पना, पाच मिनिटं, कागद पुढे सरकवा, सहा फेऱ्यांत १०८ कल्पना. आपल्याला रिमोटमध्ये पाच मिनिटांची घाई नाही, दुपारपर्यंत वेळ द्या. शीटला नेट कमी लागते, लाईन गेली तरी फोनवर उघडते, फक्त ऑफलाइनची सोय आधी चालू करून ठेवा.

लिहून घेण्याचा अजून एक फायदा. मीटिंगमध्ये एका वेळी एकच माणूस बोलू शकतो, बाकीचे आपली पाळी येईपर्यंत आपलं विसरून जातात, अन् गावच्या नेटवर आवाज एक-दोन सेकंद उशिरा पोचतो म्हणजे तुमची पाळी येतच नाही, तुम्ही "सर मी..." म्हणेपर्यंत दुसरा सुरू झालेला असतो. शीटमध्ये सगळे सोबत बोलतात.

नेहमीची चूक: शीटमध्ये कोणी "हे जमणार नाही" लिहिते. आज नाही. ते उद्याचं काम.

## टप्पा ७: अडलं तर साधा फोन

दोन कल्पना जुळतात असं वाटलं तर त्या दोघांनी फोन करायचा, व्हिडिओ बंद. एक जण बंगईवर, एक जण गॅलरीत, बोलत राहा. सुरुवातीला सांगितलेला ब्रक्स-लेवाव यांचा अभ्यास व्हिडिओचा होता, नुसत्या आवाजाचा नाही, त्यामुळे हे माझं मत समजा, पण आवाजावर बोलताना नजर मोकळी राहते हे करून पाहिलं की लगेच कळते. शिवाय दोन काड्यांच्या रेंजवरही चालते.

## टप्पा ८: आता व्हिडिओ, अन् फक्त निवडीसाठी

दुसऱ्या दिवशी कॉल लावा. चाळीस मिनिटांच्या वर नको. शीट समोर, प्रत्येकाने कॉलच्या आधीच तीन मतं टाकलेली. ज्यांना जास्त मतं त्या चार-पाचांवरच बोलायचं: कोणाला उपयोग, किती दिवस लागतील, काय बिघडू शकते.

स्वतःचा चेहरा दिसायचं बंद करा, झूममध्ये अन् मीटमध्ये तशी सोय आहे. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलने थकवा का येतो याची चार कारणं मांडली होती, त्यातलं एक हेच, दिवसभर आरशात पाहत बसल्यासारखं होते. केस नीट आहेत का हे पाहण्यात निम्मं लक्ष जाते, खोटं नाही सांगत.

ज्याचं नेट कच्चं त्याला कॅमेरा बंद ठेवायची परवानगी उघड द्या, अन् त्याला सगळ्यात आधी बोलू द्या. शेवटी ठेवलं की त्याची लाईन गेलेली असते.

तपासून घ्या: कॉल संपताना तीन गोष्टी लिहिलेल्या पाहिजेत, काय निवडलं, कोण करणार, अन् जे नाकारलं ते कुठे ठेवलं. नाकारलेल्यांची शीट डिलीट करू नका, पुढच्या हंगामात त्यातलीच एखादी कामात येते.

## टप्पा ९: हिरवा ठिपका, म्हणजे ऑनलाइन असल्याची खूण

काही कंपन्या माउस हलतो का, स्क्रीन चालू आहे का ते पाहणारं सॉफ्टवेअर टाकतात. त्याखाली माणूस उरकायची कामं करतो, सुचायची करत नाही, काहून की बंगईवर बसून विचार करणं त्या सॉफ्टवेअरला रिकामं बसणं दिसते. काही जण माउस हलवायची जुगाडं लावतात, तसं करू नका, पकडल्या गेलात तर बोलायला तोंड राहत नाही. त्यापेक्षा आठवड्यातले दोन सकाळचे तास कॅलेंडरवर "विचाराची वेळ" म्हणून नोंदवा अन् त्याच दिवशी शीटमध्ये काहीतरी दाखवा. दोन-तीन आठवडे दाखवलं की मॅनेजर बोलत नाही. बोललीच तर चालताना केलेलं रेकॉर्डिंग पाठवून द्या, ऐकू दे तिलाही कोंबड्याचा आवाज.

तुमच्या बाजूने एक करा, त्या दोन तासांत व्हॉट्सअ‍ॅपचे सगळे ग्रुप म्यूट. गावचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, सोयाबीनच्या भावाचा ग्रुप, सगळे.

## टप्पा १०: आपल्या टीमच्या बाहेर एक माणूस

मायक्रोसॉफ्टच्या अमेरिकेतल्या ६१ हजारांवर कर्मचाऱ्यांचा २०२० च्या पहिल्या सहा महिन्यांचा डेटा पाहिला तर सगळे घरून काम करायला लागल्यावर लोक आपल्याच गटात जास्त बोलायला लागले अन् दुसऱ्या गटांशी असलेले धागे कमी झाले. नवीन गोष्ट बहुतेक त्या धाग्यांवरूनच येते. ऑफिसात चहाच्या टपरीवर अकाउंटवाला भेटायचा, आता तो भेटत नाही.

म्हणून पंधरा दिवसांत एकदा दुसऱ्या विभागातल्या कोणाला तरी फोन लावा, काम न काढता. "दादा, तुमच्याकडे सध्या काय डोकेदुखी चालू आहे?" एवढंच विचारा अन् ऐका. कस्टमर केअरवाल्या ताई सगळ्यात कामाच्या, शिव्या त्यांनाच खाव्या लागतात त्यामुळे खरी अडचण त्यांनाच माहीत असते.

कंपनीतच असं नाही. तालुक्याला तुमच्यासारखे रिमोटवाले असतील तर बाजाराच्या दिवशी आलुबोंड्याच्या गाडीवर भेटा, कामं वेगवेगळी असली तर अजून चांगलं. फक्त कंपनीची आतली माहिती तिथे सांगत बसू नका, करारावर सही केलेली असते.

अन् कंपनी वर्षातून एक-दोनदा ऑफिसला बोलावत असेल तर तिथे जाऊन लॅपटॉप उघडून मेल करत बसू नका. ते दिवस सुचायच्या ढिगासाठी राखा, समोरासमोर बसून, भिंतीला कागद चिकटवून. रिपोर्ट घरी आल्यावरही होतो. जाण्याच्या आठ दिवस आधी टप्पा ४ चे दोन प्रश्न लिहून मॅनेजरला पाठवा, नाहीतर त्या दिवशी नुसती प्रेझेंटेशनं दाखवतात अन् जेवणाचा डबा हातात देऊन संध्याकाळच्या ट्रॅव्हल्सने परत पाठवतात.